सिरोंच्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं

"तिले नोको पाठवू बाप्पा सिरोंच्याले! नवीन लगन झालेली पोरगी हाये. तोंडातून शब्द निंगत नाई तिच्या. रस्त्यात रडाले लागली तं आपन काय कराचं?"

हे माझ्याबद्दल चाललं होतं, आणि मी ते ऐकणं अपेक्षित नव्हतं. मी बॅटऱ्यांच्या रॅकमागे खाली बसून एका यूपीएसचा नंबर उतरवून घेत होते. बोलणारे सुधाकरभाऊ, आमचे प्रमुख. ऐकणाऱ्या रत्नाताई. "हो न भाऊ, बिचारी," असं त्या म्हणाल्या आणि मग चिवडा चावल्याचा आवाज आला. नंबर लिहून झाल्यावरही मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. बाहेर आले असते तर त्या दोघांना अवघडल्यासारखं झालं असतं. माझा स्वभाव असा, की लोकांना अवघडू नये म्हणून मी माझे पाय बधिर होऊ देते.

तर आमच्या ऑफिसात किस्से हे असे साठतात. आमची एक छोटी संस्था आहे, चंद्रपुरात, खाली सायकलचं दुकान आणि वर आम्ही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आश्रमशाळांना आणि वाचनालयांना दान मिळालेले जुने कॉम्प्युटर चालू ठेवणं, हे आमचं काम. यंदा सगळ्यांची सिस्टिम अपग्रेड करायची आहे, कारण जुनीला अपडेट मिळणं बंद झालंय. अपग्रेड म्हणजे बटण दाबलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे एक आठवडा येऊन बसावं! एका पॅकेजला, म्हणजे सिस्टिममधल्या एका सुट्या प्रोग्रॅमला, दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, तिसऱ्याला पहिल्याचं तोंड बघायचं नसतं. मग स्क्रीनवरची पट्टी एक्क्याण्णव टक्क्यांवर येऊन थांबते. पट्टी थांबली की माणसं बोलायला लागतात. ऑफिसातले तिघं बोलतात आणि चौथी ऐकते.

चौथी म्हणजे मी. मूळची कराडची, लग्नानं चंद्रपूरची.

*

रॅकमागे बसून मला रडू आलं नाही. हसू आलं. कारण मला सिरोंच्यालाच जायचं होतं!

सिरोंचा म्हणजे गडचिरोलीचं पार दक्षिण टोक, आणि आम्ही सांभाळतो त्याच तिथल्या आश्रमशाळेत माझे मिस्टर गणित शिकवतात. लग्नाला चार महिने झाले, त्यात आम्ही एकत्र राहिलो सतरा दिवस. मी इथे सासूबाईंजवळ, ते तिकडे तीन मास्तरांच्या सामायिक खोलीत. संध्याकाळी ते शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढले तर मोबाइलला रेंज येते, तीही दोन-दोन मिनिटं, तुटक. मी त्यांना अजून 'अहो' म्हणते. 'अरे'पर्यंत पोहोचायला सहवास लागतो. ते टॉवेलची घडी कशी घालतात हे मला माहीत आहे. चहात साखर किती घेतात हे माहीत नाही, कारण इथे आले की आईनं दिलेला चहा ते गुपचूप पितात.

मग हे ऑफिसात सांगितलं का नाही? पहिल्याच दिवशी रत्नाताईंनी विचारलं होतं, "मिस्टर काय करते वं तुये?"

"शिक्षक आहेत."

"कुठी?"

तेवढ्यात फोन वाजला. तो कॉल चाळीस मिनिटं चालला. उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते आपणहून काढून देणं मला विचित्र वाटलं. पुढे सिरोंच्याचं काम यादीत आलं तेव्हा तर सांगायची सोयच उरली नाही. लोक म्हणाले असते, बाई नवऱ्याला भेटायला ऑफिसचं काम काढते! भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्या गावांसमोर जाणाऱ्याचं नाव लिहिलेलं. सिरोंच्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं. मी रोज आल्यावर आधी ती ओळ बघायचे. डबा नंतर ठेवायचे.

*

मूल गावाकडच्या एका शाळेचा किस्सा मी येण्याच्या आधीचा, पण आमच्याकडे नवीन माणसाला तो पहिल्याच आठवड्यात ऐकवतात.

तिथे दोन पॅकेजेसचं भांडण लागलं होतं. हे ठेवलं तर ते बसेना, ते बसवलं तर हे पडे. सुधाकरभाऊंनी शाळेला रीतसर पत्र दिलं: 'दोन पॅकेजचे आपसात जमत नसल्याने संगणक कक्ष दोन दिवस बंद राहील.'

हेडमास्तर नियमाचे पक्के. त्यांचं उलट टपाली पत्र आलं: 'सदर दोघांची नावे, पदनाम व या शाळेतील सेवेचा कालावधी त्वरित कळवावा.'

सुधाकरभाऊंनी डोक्याला हात लावला. रत्नाताई म्हणाल्या, "डोक्याले काय हात लावता भाऊ? विचारते तं सांगा न!" त्यांनी स्वतः बसून पत्र तयार केलं. दोन्ही पॅकेजेसची नावं लिहिली. पदनाम: सहायक. सेवा: एकाची सात वर्षं, दुसऱ्याची आठ महिने.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा निर्णय आला: 'सेवेने कनिष्ठ असलेल्यास तात्काळ कमी करावे. ज्येष्ठास समज देऊन कामावर ठेवावे.'

आणि खरंच, तोच उपाय होता! आठ महिन्यांचं पॅकेज काढलं, सात वर्षांचं ठेवलं, आणि अपग्रेड सुतासारखं सरळ झालं. सुधाकरभाऊ अजून म्हणतात, "मी दोन दिवस झक मारत बसलो होतो. त्या मानसानं कॉम्प्युटर न पाहता काढलं! रिटायर झाला की इथीच घेऊन टाकू त्याले."

*

आमच्याकडे एक रजिस्टर आहे. कधी कधी जुनं पॅकेज नव्याच्या आड येतं, पण काढता येत नाही, कारण कोणाचं तरी काम त्याच्यावर अडलेलं असतं. अशा वेळी त्या पॅकेजला 'आहेस तिथेच थांब' असं सांगून ठेवता येतं. मग त्याच्यामुळे बाकीची वीस-पंचवीस थांबतात, पण निदान काही मोडत नाही. असं कोणाला थांबवलं की रजिस्टरमध्ये लिहायचं: शाळा, पॅकेज, कारण. आणि भाऊंचा कडक नियम: एखादं मशीन शाळेतून हललं, त्याच्यावर सही झाली, तरच त्याचं पॅकेज काढायचं. त्याआधी हात लावायचा नाही!

धानोऱ्याकडच्या एका शाळेत असाच एक जुना प्रिंटर होता. बंद पडून जमाना झालेला. पण तो जागेवर होता, म्हणून त्याचं पॅकेज जागेवर, म्हणून अख्खी शाळा जुन्या सिस्टिमवर. प्रिंटर उचलून आणायला मडावीभाऊ गेले. मडावीभाऊ आमचे जंगलातले माणूस, एटापल्लीकडचे. ज्या गावाला रस्ता नाही तिथे त्यांची ओळख असते.

ते रिकाम्या हातानं परत आले.

"प्रिंटर कुठी हाये?" भाऊंनी विचारलं.

"तिथीच हाये. त्याच्यात कोंबडी बसली हाये."

"मंग उठवाची न तिले!"

"उठवून राह्यलो होतो. तेवढ्यात सैपाकवाली बाई आली. गोंडीत जे बोलली थे मराठीत सांगता येत नाई, भाऊ. मराठीत तेवढे शब्द नाईत."

एवढं बोलून त्यांनी रजिस्टर ओढलं आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'अंडी. एकवीस दिवस.' सुधाकरभाऊंनी वाचलं, एकदा मडावीभाऊंकडे पाहिलं, आणि खाली सही केली. नियम म्हणजे नियम!

पुढच्या महिन्यात त्याच ओळीपुढे शेरा आला: 'नऊ निघाली. प्रिंटर मोकळा.'

मी ते रजिस्टर कधी कधी उगाच चाळते. मला त्याचा हेवा वाटतो. थांबवलेल्या प्रत्येकाला तिथे कारण लिहून दिलेलं असतं, आणि कुठे कुठे मुदतसुद्धा.

*

रत्नाताई सिंदेवाहीच्या. त्यांचे वडील भाताच्या संशोधन केंद्रात कामाला होते, त्यामुळे त्यांना वाणांची नावं आणि पॅकेजेसची नावं सारखीच पाठ राहतात. फोनवर शाळांना कमांड सांगणं हे त्यांचं खातं. पण फोन असे, की 'बी' म्हटलं तर पलीकडे 'डी' जातं, 'डी' म्हटलं तर 'टी'. म्हणून त्यांनी गावांची बाराखडी काढली. ए आलापल्लीचा, बी भामरागडचा, सी चामोर्शीचा, डी धानोऱ्याचा, पी पोंभुर्ण्याचा, टी तळोधीचा. ओचं गाव सापडेना, म्हणून तो भोपळ्यासारखा ओ. शाळांमध्ये हा कागद मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेला असतो.

आता गंमत बघा. आमच्या जवळपास प्रत्येक कमांडची सुरुवात एस या अक्षरानं होते. आणि एस कोणाचा? सिरोंच्याचा! दिवसभर माझ्या मागच्या टेबलावरून रत्नाताई खणखणीत आवाजात सांगत असतात, "लिवा सर. सिरोंचा. मंग उमरी. मंग धानोरा. मंग भोपळा." नवीन ओळ, की पुन्हा, "सिरोंचा." मी सोल्डरिंग करत असते आणि माझा हात दर दोन मिनिटांनी थोडासा थांबतो.

एकदा कुरखेड्याकडे एक नवे मास्तर आले. कागद त्यांनी वाचलाच नव्हता. रत्नाताईंनी कमांड सांगितली, मास्तरांनी पलीकडे बराच वेळ टायपिंग केलं.

"झालं का सर? काय दिसते?"

"बाई, मोठं काम सांगितलं तुमी. एवढी सारी गावं लिवली मी, पन मशीन म्हनते सिरोंचा सापडत नाई." मग मास्तर काळजीनं म्हणाले, "तिथलं सेंटर बंद झालं का?"

रत्नाताईंच्या नाकात चिवडा गेला. सुधाकरभाऊ खुर्चीवरून उठून गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून हसले. मीही हसले. मग जरा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले.

*

मला पाठवतात ते वरोऱ्याला. वरोरा मोठ्या रस्त्यावर आहे, दर अर्ध्या तासाला बस आहे, आणि तिथे जाताना रडू येण्यासारखं काही नाही.

तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल काका जुन्या पद्धतीच्या कीबोर्डवर मराठी टाइप करतात. सगळ्या पुस्तकांची यादी त्यांनी एकट्यानं केली आहे. ज्या पॅकेजवर ते टाइप करायचे, त्याला एक जुनं पॅकेज लागायचं. नव्या सिस्टिमला त्याच पॅकेजची नवी आवृत्ती हवी. दोन्ही एका वेळी नांदेनात. रत्नाताईंनी फोनवरून काकांना समजावलं, "काका, नवीन कीबोर्ड शिकून घ्या न. सोपा हाये."

काका म्हणाले, "सोपाच असन बाई. मी शिकीन. पन माह्या बोटाईले कोन शिकवन?"

मी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांच्या टायपिंगसाठी त्याच मशीनमध्ये एक वेगळी खोली केली म्हणा ना. त्या खोलीत जुनं पॅकेज, आणि बाहेर सगळी सिस्टिम नवी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दुपारचे तीन वाजले, पण झालं. काकांनी एक ओळ टाइप केली, चष्मा पुसला, परत एक ओळ टाइप केली.

"म्हंजे दोघंही एकाच घरात राह्यतात, पन एकमेकाच्या नजरेस पडत नाई?"

"हो," मी म्हणाले.

"आमच्या घरी येऊन हेच करून दे वं पोरी! मी आन माही बायको, दोघं तुले आशीर्वाद देऊ."

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते. काय दिवस आलेत! पॅकेजला स्वतंत्र खोली एका दुपारीत मिळते.

रत्नाताईंनी ऑफिसात माझं भरपूर कौतुक केलं. "भाऊ, पोरीच्या हातात गुन हाये! मले वाटलं होतं काका रडते की काय." सुधाकरभाऊंनी समाधानानं मान हलवली आणि फळ्याकडे गेले. त्यांनी खडू घेतला आणि वरोऱ्यापुढे माझं नाव आणखी दोनदा लिहिलं.

"जवळ पडते तिले," ते म्हणाले.

वाईट म्हणावं असं कोणीच नाही हो आमच्याकडे. सगळे माझी काळजीच घेतात!

*

'क्वार्टर मिळालं की तुला घेऊन जातो,' हे मिस्टरांचं वाक्य मी टाकीवरून इतक्यांदा ऐकलंय की रेंज गेली तरी मी ते पूर्ण करू शकते. अडचण अशी: क्वार्टरमध्ये जे सर राहतात त्यांची बदली झाली आहे. पण त्यांच्या जागी नवीन सर हजर झाल्याशिवाय त्यांना सोडत नाहीत. आणि नवीन सर म्हणतात, क्वार्टर रिकामं झाल्याशिवाय मी बायकापोरं घेऊन हजर होत नाही. या दोघांचं सुटलं की पुढच्या रिकाम्या क्वार्टरला आमचा नंबर.

सासूबाई म्हणतात, "होईल वं, घाई काऊन करतेस?" त्यांनाही मुलगा हवाच आहे घरी. फक्त त्या ते पोळ्या लाटताना म्हणतात, माझ्याकडे न बघता.

एका दुपारी पट्टी अडकली होती, म्हणून मी कागदावर हे तीन चौकोन काढले. 'जुने', 'नवे', 'आम्ही'. मध्ये बाण. बाण फिरून पुन्हा पहिल्याच चौकोनावर आला. सुधाकरभाऊ चहाचा कप घेऊन मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"अरे बाप्पा! हे तं गोल फिरून राह्यलं!" ते म्हणाले. "कोनत्या शाळेचं हाये?"

"सिरोंच्याच्या," मी म्हणाले. यात खोटं काय होतं?

"तरीच!" त्यांनी खुर्ची ओढली. शिकवायला मिळालं की भाऊ खुलतात. "हे पाय पोरी. असं गोल अडकलं न, तं नियमानं कधीच सुटत नाई. हा म्हनते तू आधी, थो म्हनते तू आधी. वाट पाहशील तं जलम जाईल! अशा वक्ती कोनाले विचाराचंच नाई. एकाले सरळ नेऊन बसवाचं जबरदस्तीनं. सिस्टिम ओरडते थोडी. ओरडू द्याची. मंग बाकीचे आपोआप सरकून जागा देतात."

"आणि जबरदस्तीनं काही मोडलं तर?" मी विचारलं. ऑफिसात मी बोललेलं ते तोपर्यंतचं सर्वात लांब वाक्य असावं.

"मोडत नाई वं! आन मोडलं तं मी हावो न इथी."

त्यांना तो कागद इतका आवडला की त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि फळ्याशेजारी टाचणीनं लावला. आता कोणी नवीन मुलं ट्रेनिंगला आली की भाऊ पट्टी घेऊन उभे राहतात आणि आमच्या क्वार्टरचं त्यांना समजावून सांगतात. मुलं वहीत उतरवून घेतात!

*

आता शेवटचा. हा मागच्या मंगळवारचा.

मडावीभाऊ भामरागडकडे अडकले होते, ते आणखी आठवडाभर येणार नव्हते. सकाळी सुधाकरभाऊ फळ्यासमोर उभे राहिले, सिरोंच्याची रिकामी ओळ पाहिली आणि म्हणाले, "कोनाले पाठवाची गरज नाई. फोनवरच करून टाकू." त्यांनी ओळीपुढे 'फोन' असं लिहिलं.

मी माझ्या टेबलावर बसले. स्क्रूड्रायव्हर हातात होता, पण कोणता स्क्रू काढायचा होता ते आठवेना.

रत्नाताईंनी शाळेच्या ऑफिसचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. क्लार्क म्हणाला, कॉम्प्युटरचे सर गडचिरोलीला ट्रेनिंगला गेलेत, पण गणिताचे सर मोकळे आहेत, त्यांना बसवतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी घसा साफ केला.

"नमस्कार. सांगा, काय लिहायचंय?"

तिकडचा मोबाइल टॉवर पडल्यामुळे मी नऊ दिवस तो आवाज ऐकला नव्हता. आणि शाळेचा फोन टाकीवरच्या मोबाइलपेक्षा कितीतरी स्वच्छ! श्वाससुद्धा ऐकू येत होता. ते प्रत्येक ओळ वाचण्याआधी घसा साफ करतात, हे मला माहीत नव्हतं. आकडे ते वर्गात सांगतात तसे सावकाश सांगतात, हेही नव्हतं. मध्येच पलीकडे कोणीतरी चहा आणला. "साखर नाही ना घातली?" ते हळूच म्हणाले. मी मान खाली घातली.

तासभर सगळं नीट चाललं. रत्नाताई सांगत होत्या, ते लिहीत होते. सुधाकरभाऊ दुसऱ्या कोपऱ्यात मोबाइलवर मडावीभाऊंशी बोलत होते. मी एका स्क्रूला पन्नास वेळा फिरवत होते.

"आता मोठी यादी आली आहे," ते म्हणाले. "ही पॅकेजेस काढून टाकली जातील म्हणतंय. वाचू?"

"वाचा न सर."

त्यांनी एकेक नाव स्पष्ट वाचलं. पाचव्या नावाला मी मान वर केली. आठव्याला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कुठल्यातरी एका क्षुल्लक पॅकेजचं जमवायला सिस्टिम स्वतःचाच पाया काढायला निघाली होती! ते मशीन म्हणजे त्या लॅबचं मुख्य मशीन. बाकीचे दहा त्याच्यावर चालतात. मुलांनी आजीआजोबांकडून ऐकून टाइप केलेल्या गोंडी आणि तेलुगू गोष्टी त्यातच आहेत, वर्षभराच्या. मी रत्नाताईंकडे पाहिलं. त्या चिवड्यातले दाणे वेगळे काढत होत्या.

"यादी संपली," ते म्हणाले. "आता लिहिलंय, तुम्ही करताय ते घातक ठरू शकतं. तरीही पुढे जायचं असेल तर एक पूर्ण वाक्य टाइप करा." घसा साफ केला. "'होय, मी सांगतो तसं कर.' लिहू का?"

"लिवा न सर," रत्नाताई म्हणाल्या. "म्हनते तं लिवून टाका."

पलीकडे की दाबल्याचा आवाज आला. एक. दुसरी.

"अहो, लिहू नका!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. खाली सायकलच्या दुकानात कोणीतरी पंप मारायचं थांबलं. सुधाकरभाऊंनी कानावरचा मोबाइल खाली घेतला. रत्नाताईंच्या बोटांत शेंगदाणा तसाच राहिला.

मग स्पीकरमधून फार हळू आवाज आला.

"नंदिनी? तू एवढा वेळ तिथेच होतीस?"

रत्नाताईंनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं. सुधाकरभाऊ दोन पावलं पुढे आले.

"वळखतेस का वं तू या सरांले?"

"थोडंफार ओळखते, भाऊ. लग्न झालंय आमचं. बाकीची ओळख करून घ्यायला मी उद्या सकाळच्या बसनं जातेय."